सह्याद्रीच्या पोटात आग आहे काय?

रावपुऱ्याहून पावागडास गेला नाही असा आपल्या मंडळींत क्वचितच कोणी असेल. हा डोंगर ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा आहे, असे मुलांना सांगितले की प्रश्न ठरलेला: "मग खाली अजून आग आहे का?" प्रश्न पोरकट मुळीच नाही. सह्याद्रीही त्याच दख्खनी लाव्ह्याचा, आणि तेथे कोयनेस ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे भूकंप होऊन दीडशेहून अधिक माणसे दगावली.

डोळ्यांना न दिसणारी ही आग विजेच्या साहाय्याने शोधता येते. कोरड्या ग्रॅनाइटमधून वीज मोठ्या कष्टाने वाहते. वितळलेल्या खडकातून सहज वाहते. सूर्याकडून येणाऱ्या कणांमुळे व दूरदूरच्या वादळांतील विजांमुळे पृथ्वीचे चुंबकत्व सारखे किंचित हालत असते आणि त्यापायी जमिनीत अगदी क्षीण प्रवाह उत्पन्न होतात. ही दोन्ही एकाच जागी मोजली की खालच्या खडकाची वाहकता कळते. आंदोलन जितके संथ, तितके ते खोल उतरते. दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वताखाली या रीतीने अर्धवट वितळलेल्या खडकाचा पत्ता लागला.

कोयनेच्या परिसरात हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय अनुसंधान संस्थेने अशीच मोजणी केली. वर काळा पाषाण आणि त्याखाली थेट ग्रॅनाइट, विजेला दाद न देणारा! रासाटीजवळ भोक पाडले तेव्हा सुमारे ९३० मीटरांवर तोच ग्रॅनाइट हाती आला. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा तो लाव्हा केव्हाच निवाला आहे. कोयनेच्या धक्क्यांचे कारण बहुतेक तज्ज्ञ जुन्या भेगा व धरणाचे पाणी यांत पाहतात.

नर्मदेच्या पट्ट्यात मात्र खोलवर काही सुवाहक भाग आढळले आहेत. म्हणून घाबरावयाचे कारण नाही. खारट पाणीही विजेस वाट देते, आणि नुसती वाहकता पाहून पाणी की आग हे सांगता येत नाही; त्यासाठी जमिनीची उष्णताही पाहावी लागते.

या मोजणीचा खरा शत्रू म्हणजे माणसाने खेळविलेली वीज. मुंबईच्या ट्रामगाड्या विजेवर चालणार असे ठरले तेव्हा कुलाब्याचे चुंबकीय वेध बिघडतील हे ओळखून डॉ. मूस यांनी १९०४ साली अलिबागेस नवी वेधशाळा उभारली. ट्रामगाड्या १९६४ साली बंद पडल्या. वेधशाळा अजून अलिबागेसच आहे.