टर्मिनल उघडेना, तर काय करावें?

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या शाळेच्या संगणक-कक्षांत एक लहानसा प्रसंग घडला. प्रसंग लहान खरा, परंतु त्यानें आम्हांस जो धडा दिला तो फार उपयोगाचा आहे, असें वाटल्यावरून आम्ही तो येथें विद्यार्थ्यांसाठीं व त्यांच्या पालकांसाठीं सविस्तर सांगत आहों.

आरंभीं टर्मिनल म्हणजे काय तें पाहूं. संगणकाशीं व्यवहार करण्याचे मार्ग दोन. एक चित्रांचा: पडद्यावरील चिन्हावर बाण न्यावा आणि माउसची कळ दाबावी. दुसरा शब्दांचा: आज्ञा अक्षरांनीं लिहावी आणि उत्तरहि अक्षरांतच वाचावें. ह्या दुसऱ्या मार्गाची जी खिडकी, तिला टर्मिनल म्हणतात. पूर्वीं टर्मिनल हें एक निराळें यंत्रच असे. इ. स. १९६९ मध्यें अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन टॉम्प्सन व डेनिस रिची ह्यांनीं युनिक्स ही प्रणाली रचावयास आरंभ केला. त्या काळीं संगणकास टेलिटाइप नांवाचें टंकयंत्र जोडीत, आणि तें उत्तर कागदावर छापून देई. इ. स. १९७८ मध्यें व्हीटी-१०० हें पडद्याचें टर्मिनल निघालें व तें फार लोकप्रिय झालें. आज हीं यंत्रें पदार्थसंग्रहालयांत गेलीं. त्यांचें काम आतां संगणकांतीलच एक प्रोग्रॅम करतो. इ. स. १९९१ मध्यें लिनस टोरवाल्ड्स ह्यांनीं निर्माण केलेल्या लिनक्स प्रणालींत मात्र टेलिटाइपच्या नांवाचा अवशेष ‘टीटीवाय’ ह्या तीन अक्षरांत अद्याप टिकून आहे.

एक गोष्ट पक्की ध्यानांत ठेवावी. टर्मिनल ही केवळ खिडकी आहे. खिडकीच्या आंत बसून आपली आज्ञा वाचणारा कारकून निराळा. त्याचें नांव शेल. टपाल-कचेरीची खिडकी बंद असली, म्हणून आंत कारकून नाहीं असें होत नाहीं. आणि कारकून जागेवर नसला, तर खिडकी उघडी असूनहि काम होत नाहीं. हा भेद ज्यास कळला, त्याचें अर्धें काम झालें.

आतां प्रसंगाकडे वळूं. लिनक्सवर आधारलेल्या उबुंटु प्रणालीची एप्रिल २०१८ मध्यें निघालेली १८.०४ ही आवृत्ति तेव्हां आमच्या संगणकांवर होती. त्यांपैकीं एका संगणकांत ह्याच वार्षिकासाठीं आलेले विद्यार्थ्यांचे लेख टंकित करून ठेविले होते, आणि त्यांची दुसरी प्रत कोठेंहि नव्हती. एके सकाळीं त्या संगणकावर टर्मिनल उघडेना. चिन्हावर कळ दाबली, कीं पडद्याच्या वरच्या पट्टींत ‘टर्मिनल’ हें नांव दिसे, क्षणभर एक चक्र फिरे, आणि मग नांवहि जाई व चक्रहि जाई. तक्रारीचा एक शब्द सुद्धां पडद्यावर येत नसे.

मुलें भोंवतीं जमलीं व उपाय सुचवूं लागलीं. संगणक तीनदां बंद करून पुन्हां चालू करण्यांत आला. कांहीं फरक पडला नाहीं. शेवटीं एकानें सांगितलें, “सर, सगळें पुसून टाकूं आणि उबुंटु नव्यानें भरूं!” दोघांचौघांनीं त्यास दुजोरा दिला. हा उपाय म्हणजे आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं अशांतला प्रकार होता. त्यानें टर्मिनल उघडलें असतें, परंतु मुलांचे लेख नाहींसे झाले असते, आणि दोष कशांत होता हें कोणासहि कळलें नसतें. आम्हीं सर्वांस थांबविलें. चित्रांचा मार्ग चालूच होता. तेव्हां सर्वांच्या आधीं लेखांची एक प्रत पेन-ड्राइव्हवर काढून घेतली. बिघाड शोधण्यापूर्वीं जें गमावतां येत नाहीं तें सुरक्षित करावें, हा पहिला नियम होय.

नंतर आम्हीं फळ्यावर तीन प्रश्न लिहिले. काय चालतें व काय चालत नाहीं? नेमकें कोणत्या पायरीवर अडतें? आणि शेवटचें ठीक चाललें होतें तेव्हांपासून काय बदललें आहे?

पहिल्याचें उत्तर सोपें होतें: बाकी सर्व चालत होतें, टर्मिनल तेवढें चालत नव्हतें. दुसऱ्या प्रश्नास तीन उत्तरें संभवतात. कंट्रोल, ऑल्ट व टी ह्या कळा एकदम दाबून टर्मिनल येत नसेल, पण चिन्हावरून येत असेल, तर दोष केवळ कळांच्या योजनेंत आहे. खिडकी उघडून लागलीच मिटत असेल, तर खिडकी शाबूत असून शेल निघून जात आहे. आणि खिडकी मुळींच उघडत नसेल, तर दोष टर्मिनल सुरू करणाऱ्या प्रोग्रॅममध्यें आहे. आमचा संगणक ह्या तिसऱ्या वर्गांत मोडत होता.

परंतु दोष कोणता हें संगणकाच्याच तोंडून ऐकावयास हवें होतें, आणि त्याचें बोलणें ऐकण्याची नेहमींची खिडकी तर बंद! अशा वेळीं दुसरें दार शोधावें. उबुंटुमध्यें अशीं दोन दारें आहेत. ऑल्ट व एफ-२ ह्या कळा दाबल्या म्हणजे एक लहान चौकट येते. तींत ‘एक्सटर्म’ हें नांव रोमन लिपींत लिहिलें, कीं लिनक्सहूनहि जुना असा एक साधा टर्मिनल-प्रोग्रॅम उघडतो. तोहि न उघडला, तर कंट्रोल, ऑल्ट व एफ-३ दाबावें. सर्व चित्रें नाहींशीं होऊन काळ्या पडद्यावर नांव व परवलीचा शब्द विचारला जातो. परवलीचा शब्द लिहितांना तो दिसत नाहीं. त्यानें घाबरूं नये. परत येण्यास कंट्रोल, ऑल्ट व एफ-२, किंवा कोठें कोठें एफ-१, दाबावें.

आमचें पहिलेंच दार उघडलें. एक्सटर्मच्या खिडकींत आम्हीं बंद पडलेल्या टर्मिनलचें नांव, म्हणजे ‘ग्नोम-टर्मिनल’, लिहून त्यास सुरू होण्याची आज्ञा केली. तें उघडलें नाहींच. परंतु जी तक्रार चिन्हावर कळ दाबतांना गिळली जात होती, ती आतां पांचसात ओळींत पुढें आली. अशा तक्रारींत शेवटची ओळ प्रथम वाचावी. ती ओळ सांगत होती, कीं ‘जीआय’ नांवाचा भाग आणतां येत नाहीं. आणि वरच्या ओळींवरून ही तक्रार पायथन भाषेची आहे हें उघड होत होतें.

टर्मिनलचा व पायथनचा संबंध काय? ह्या आवृत्तींत टर्मिनल सुरू करून देण्याचें काम पायथनमध्यें लिहिलेला एक छोटा मजकूर करी. त्याच्या पहिल्या ओळींत ‘पायथन-३ कडून हें वाचून घ्यावें’ अशी सूचना असे. पायथन-३ हें नांव म्हणजे दारावरची पाटी, ती ३.६ ह्या आवृत्तीच्या खोलीकडे बोट दाखवी. ‘जीआय’ हा पायथनची पडद्याच्या सामग्रीशीं गांठ घालून देणारा भाग ३.६ साठींच बांधलेला होता. एक्सटर्म पायथनवर अवलंबून नाहीं, म्हणून तो बिनतक्रार उघडला. तेव्हां पाटी कोणी तरी फिरविली असावी, असें अनुमान निघालें. पाटी कोणीकडे वळली आहे हें दाखविणारी आज्ञा आम्हीं दिली. उत्तर आलें: ३.८ कडे.

राहिला तिसरा प्रश्न: काय बदललें? आम्हीं तो पुन्हां मोठ्यानें वाचला. वर्गांत शांतता पसरली. थोड्या वेळानें वरच्या वर्गांतील एक हुशार मुलगा पुढें आला व खालच्या आवाजांत म्हणाला, “सर, काल मीं इ. स. २०१९ ची पायथन ३.८ बसविली, आणि पायथन-३ हें नांव तिला जोडून दिलें. टर्मिनल त्यामुळें बंद पडेल हें मला ठाऊक नव्हतें. आज दुसऱ्या संगणकावरहि तेंच करणार होतों.” सगळें पुसून टाकावें असें म्हणणाऱ्यांत तोहि होता, त्याचें कारण आतां कळलें. आम्हीं त्यास रागें भरलों नाहीं. आम्हीं म्हटलें, “बाळ, नवी आवृत्ति बसविण्यांत तुझी चूक नाहीं. हें सकाळींच सांगितलें असतेंस, तर दोन तास वांचले असते. आतां तूंच दुरुस्त कर.” त्यानें पाटी पुन्हां ३.६ कडे वळविली, चिन्हावर कळ दाबली, आणि टर्मिनल उघडलें! नवी आवृत्तिहि काढावी लागली नाहीं, तिला ‘पायथन-३.८’ अशा पूर्ण नांवानें हांक मारली, कीं ती आपलें काम करते. प्रणाली स्वतः ज्या नांवावर विसंबून असते तें नांव आपल्या सोयीसाठीं बदलूं नये, हा दुसरा नियम त्या दिवशीं सर्वांनीं वहींत लिहून घेतला.

इतर दोन कारणें थोडक्यांत सांगतों. खिडकी उघडून लागलीच मिटत असेल, तर घरच्या फोल्डरमधील ‘बॅशआरसी’ ही फाईल पाहावी. तींत निरोपाची आज्ञा चुकून लिहिली गेली, तर शेल येतांच निघून जातें. ही फाईल लपलेली असते. फाईलींच्या खिडकींत कंट्रोल व एच दाबल्यानें ती दिसते. तिचें नांव तात्पुरतें बदलून पाहावें. दुसरें कारण भाषेच्या योजनेचें. ग्नोम-टर्मिनलास अक्षरांची यूटीएफ-८ ही पद्धति लागते. ती योजना बिघडली, तर तें उघडण्याचें नाकारतें. आपली देवनागरीहि ह्याच पद्धतीनें संगणकांत साठविली जाते, आणि तिचें प्रत्येक चिन्ह तींत तीन बाइट जागा घेतें.

पालकांस आमची एक विनंती आहे. घरीं संगणक किंवा दुसरें कांहीं बिघडलें, तर ‘कोणीं बिघडविलें?’ असें प्रथम न विचारतां ‘काय बदललें?’ असें विचारावें. पहिल्या प्रश्नानें मूल गप्प बसतें, दुसऱ्यानें तें बोलूं लागतें. आणि विद्यार्थिमित्रहो, तुम्हीं केलेला बदल तुम्हींच आधीं सांगावा. तक्रारीची ओळ संगणकानें दाखविली, पाटी कोणीकडे वळली तेंहि त्यानेंच सांगितलें. परंतु ती कां व केव्हां वळली, आणि पुढें कोणत्या संगणकावर वळणार होती, हें एका मुलाच्या खऱ्या बोलण्यावांचून आम्हांस कळलें नसतें. तो मुलगा पुढें त्या कक्षाचा प्रमुख झाला, व कोणताहि बदल करण्यापूर्वीं तारीख घालून तो वहींत लिहून ठेवण्याची चाल त्यानेंच पाडली.