हलक्या पत्र्याची मोटार

मंडळी, घरातले जर्मनचे पातेले एका हाताने सहज उचलते. तेवढीच लोखंडी कढई उचलायला दोन हात लागतात. जर्मन म्हणजेच अ‍ॅल्युमिनियम. याच धातूचा पत्रा आता काही मोटारींच्या अंगावर असतो. त्याचा फायदा काय आणि जपायचे काय, ते या धड्यात पाहू.

एक लिटर पाणी मावेल एवढ्या आकाराचा लोखंडाचा ठोकळा घ्या. तो जवळजवळ आठ किलो भरेल. तेवढाच अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा पावणेतीन किलो भरेल. म्हणजे वजन एक तृतीयांश!

वजनाला एवढे महत्त्व का? बैलगाडीच जड असेल, तर माल भरण्याआधीच बैल दमतो. मोटारीचेही तसेच आहे. अंग जड, तर तेल जास्त. अंग हलके, तर तेल कमी.

ही युक्ती आजची नव्हे. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडात पोलादाची टंचाई होती. तेव्हा तेथील रोव्हर कंपनीने शेतकऱ्यांच्या उपयोगाची एक गाडी बनवली. तिचे नाव लँड रोव्हर. तिची चासी पोलादाची होती, पण अंगावरचा पत्रा बहुतेक अ‍ॅल्युमिनियमचा होता. ही गाडी १९४८ साली लोकांपुढे आली. पुढे २००८ साली हा धंदा आपल्या टाटा मोटर्सने विकत घेतला.

अमेरिकेत फोर्ड कंपनीचा एफ-१५० नावाचा छोटा मालट्रक फार खपतो. त्याच्या २०१५ सालच्या नमुन्याचे अंग अ‍ॅल्युमिनियमचे केले. चासी पोलादाचीच राहिली, पण तीही सुधारली. सगळे मिळून वजन ३०० किलोपर्यंत घटले. म्हणजे १०० किलोची तीन पोती उतरली म्हणा ना!

आता कोणी म्हणेल, "अहो, हलका पत्रा म्हणजे कच्चा पत्रा!" तसे नाही. मोटारीचे अ‍ॅल्युमिनियम पातेल्यासारखे मऊ नसते. त्यात दुसरे धातू मिसळून ते कणखर करतात. पत्राही थोडा जाड ठेवतात. तरी तो पोलादाच्या पत्र्यापेक्षा हलकाच भरतो. शिवाय त्याला लोखंडासारखा तांबडा गंज चढत नाही.

मग सगळ्याच मोटारी अशा का नाहीत? कारण हा पत्रा महाग पडतो. आणि त्याची दुरुस्तीही अवघड असते. ती नीट समजून घ्या.

लोखंड तापले की लाल होते. कारागिराला ते डोळ्यांनी कळते. अ‍ॅल्युमिनियम तसा रंग दाखवत नाही. ते सुमारे ६६० अंशांच्या आसपास एकदम वितळते. बेताने शेक दिला नाही, तर पत्र्याला भोक पडते. थंड पत्रा फार ठोकला, तर तो कडक होऊन चिरतो.

दुसरी गोष्ट. लोखंडावर चालवलेली हातोडी, कानस यांना लोखंडाचा कीस लागलेला असतो. तो अ‍ॅल्युमिनियममध्ये रुतला आणि ओल लागली, की पत्रा खायला लागतो. रंगाला फोड येतात, आत पांढरी भुकटी दिसते. म्हणून या कामाची हत्यारे वेगळी ठेवावी लागतात.

तेव्हा जुनी मोटार घेताना किंवा पत्र्याचे काम काढताना एक करा. दरवाजा, बॉनेट, छप्पर यांना लोहचुंबक लावून पाहा. चिकटले, तर लोखंड. चिकटले नाही, तर अ‍ॅल्युमिनियम किंवा प्लास्टिक. अ‍ॅल्युमिनियम असेल, तर ते काम शिकलेल्या कारागिराकडेच जा. चार पैसे वाचवायला भलत्याच्या हाती गाडी दिली, तर सगळा पत्रा बदलायची वेळ येते. तुमचा मुलगा मोटारीचे काम शिकत असेल, तर त्यालाही हे वाचून दाखवा. ही वेगळी विद्या आहे. शिकेल त्याला ती पोट भरायला उपयोगी पडेल.

सांगा पाहू :
१. मोटारीचे वजन घटले, की काय वाचते?
२. अ‍ॅल्युमिनियम तापवताना जास्त काळजी का घ्यावी?
३. पत्रा लोखंडाचा आहे की नाही, हे कसे ओळखाल?