रूळ सोडणारी साखळी

गोंदिया हे मुंबई-हावडा लोहमार्गावरील मोठे जंक्शन. गाडी रुळावरून घसरणे म्हणजे काय, हे येथील मुलांना वेगळे सांगावे लागत नाही. रेल्वेच्या जगात तो अपघात होय. परंतु सायकलीला असा एक लहानसा भाग असतो की, साखळीला तिच्या मार्गावरून उतरविणे हेच त्याचे काम. त्याचे नाव डिरेलर. हा शब्द फ्रेंच भाषेतून आला असून ‘रुळावरून उतरविणारा’ असाच त्याचा अर्थ आहे.

गोंदियाहून आमगावकडे जाणारा रस्ता धानाच्या बांध्यांमधून बहुतेक सपाट जातो. तेथे साधी सायकल उत्तम चालते. सालेकसा मागे पडून दरेकशाचे डोंगर जवळ येऊ लागले की मात्र चढ लागतो. साध्या सायकलीचा स्वार प्रथम उभा राहून पायडल मारतो आणि अखेरीस खाली उतरून सायकल ढकलू लागतो. त्याच वेळी डोंगरी सायकलीवर बसलेला त्याचा वर्गमित्र सावकाश, पण न उतरता, पुढे निघून जातो. मित्राच्या पायांत बळ अधिक असते असे नाही. फरक असतो तो दात्यांच्या हिशेबात.

एकवीस गिअरांच्या सामान्य डोंगरी सायकलीला पुढे, पायडलापाशी, २४, ३४ व ४२ दात्यांची तीन चक्रे असतात. मागील चाकाच्या आसावर १४ पासून २८ दात्यांपर्यंतच्या सात चकत्या शेजारीशेजारी बसविलेल्या असतात. साखळी ४२ व १४ वर असली, तर पायडलाच्या एका फेऱ्यात मागचे चाक तीनदा फिरते. २६ इंची चाकाचा परीघ सुमारे २०७ सेंटिमीटर; म्हणजे सायकल सहा मीटरांहून अधिक पुढे जाते. तीच साखळी २४ व २८ वर आणली, तर चाकाचा एक फेराही पुरा होत नाही. सायकल जेमतेम पावणेदोन मीटर सरकते. अंतर कमी झाले, तसा प्रत्येक फेऱ्याला लागणारा जोरही कमी झाला. डोंगर तेवढाच राहतो. त्याचे देणे लहान लहान हप्त्यांनी फेडले जाते, इतकेच.

आता साखळी एका मागच्या चकतीवरून दुसरीवर न्यावयाची कशी? साखळीची वरची बाजू चाकाला ओढत असते, म्हणून ती ताठ असते. तिला बाजूस सारणे कठीण. खालची बाजू मात्र सैल असते. डिरेलर लोंबतो तो या सैल बाजूवरच. त्याच्या पिंजऱ्यात दोन दातेरी कप्प्या असतात. साखळी खालच्या कप्पीवरून वरच्या कप्पीवर येते आणि तेथून चकतीवर चढते. वरची कप्पी ज्या चकतीसमोर आणावी, तिच्यावर साखळी पुढच्या काही क्षणांत आपोआप जाऊन बसते. यासाठी पायडल पुढे फिरत राहिले पाहिजे; उभ्या सायकलीवर कळ कितीही दाबली तरी साखळी चकती बदलत नाही.

पिंजरा आत-बाहेर सरकतो, तरी चाकाला समांतरच राहतो, वाकडा होत नाही. याचे रहस्य भूमितीच्या पुस्तकात आहे. पिंजरा ज्या चार भुजांवर टांगलेला असतो, त्यांचा समांतरभुज चौकोन होतो. चौकोन कितीही कलला तरी समोरासमोरच्या भुजा समांतर राहतात. एक स्प्रिंग या चौकोनाला सतत बाहेरच्या, लहान चकतीकडे ढकलते. हँडलवरील कळीपासून आलेली पोलादी तार त्याला आतल्या, मोठ्या चकतीकडे ओढते. दोघांच्या या रस्सीखेचीत पिंजऱ्याची जागा ठरते. तार तुटली तर बहुतेक सायकलींत स्प्रिंग जिंकते आणि मागची साखळी सर्वांत लहान चकतीवर, म्हणजे सर्वांत जड गिअरवर, जाऊन बसते. चढावर हे फारच गैरसोयीचे! दुसरी स्प्रिंग पिंजऱ्याला मागे खेचून उरलेल्या साखळीचा झोळ आवरून धरते.

एवढ्या उपयुक्त साधनालाही विरोध झाला. फ्रान्समधील प्रसिद्ध सायकल शर्यत १९०३ मध्ये सुरू झाली. परंतु तिचे प्रवर्तक हेन्री देग्रांज यांना गिअर मान्य नव्हते. मागील चाकाच्या दोन बाजूंना दोन चकत्या असत, आणि घाट आला की स्पर्धकाला उतरून चाक काढून उलटे बसवावे लागे. या शर्यतीत डिरेलरला परवानगी मिळाली ती १९३७ मध्ये. पुढे १९६४ मध्ये जपानच्या सनटूर कंपनीने तो चौकोन तिरका बसविला. त्यामुळे वरची कप्पी लहान-मोठ्या सर्व चकत्यांपासून जवळजवळ सारख्याच अंतरावर राहू लागली. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये अमेरिका आडवी ओलांडणारी सुमारे ४,८०० किलोमीटरांची शर्यत एकट्याने पूर्ण केली, तीही गिअरच्या सायकलीवरच.

नवशिका स्वार बहुधा एकच चूक करतो. चढ अर्धा चढून पाय थकले म्हणजे त्याला गिअर आठवतो. तेव्हा साखळीवर त्याचा सारा भार असतो; ती कडकड वाजते, अडकते, कधी तुटतेही. जाणता स्वार चढाच्या पायथ्याशीच, पाय हलका ठेवून, गिअर बदलून घेतो.

डिरेलरला दोन लहान स्क्रू असतात. पिंजऱ्याने बाहेर किती जावे हे एक ठरवितो आणि आत किती जावे हे दुसरा. आतला स्क्रू सैल असेल, तर पिंजरा चाकाच्या आऱ्यांत शिरतो आणि फिरते चाक क्षणात जखडते. डिरेलर ज्या लहान धातूच्या तुकड्यावर टांगलेला असतो तो वाकल्यासही हाच धोका संभवतो. पुष्कळ सायकलींत हा तुकडा मुद्दामच नरम केलेला असतो. धक्का बसला तर तो वाकावा, सांगाडा वाचावा, ही त्यामागील योजना. सायकल उजव्या अंगावर पडली असेल, तर स्वार होण्यापूर्वी मागे उभे राहून पिंजरा सरळ आहे की नाही, हे पाहिले जाते. पिंजरा चाकाकडे झुकलेला दिसला, तर सायकल हाताने ढकलत मिस्त्रीकडे न्यावी. आणि ती जमिनीवर आडवी ठेवावयाची झाल्यास डाव्या अंगावर ठेवावी. डिरेलर उजवीकडे असतो.