संगणकाच्या घड्याळाचा वेग

रायपूरजवळील उरला या औद्योगिक भागात पोलादाच्या रोलिंग मिल आहेत. रोलरांमधून तापलेली कांब जात असते, तेव्हा यंत्राला पुरा जोर लागतो. ती निघून गेली आणि दुसरी यावयाची असली, की तेवढा जोर लागत नाही. अशा कारखान्याच्या कचेरीतील संगणकाचेही तसेच आहे. त्याचे काम कधी दाटून येते, कधी विरळ होते.

संगणकाचा प्रोसेसर विद्युत्‌घड्याळाच्या स्पंदांबरोबर काम करतो. हे घड्याळ सेकंदास जास्तीत जास्त ३०० कोटी स्पंद देते असे समजू. काम थोडे असताना स्पंद निम्मे केले, तर वीज वाचेल काय? शक्ती निम्मी लागेल. परंतु तेच काम दुप्पट वेळ चालेल. म्हणजे एकूण ऊर्जा जवळजवळ तेवढीच!

खरी बचत होते ती विद्युत्‌दाब उतरविल्याने. मंद चालणाऱ्या प्रोसेसरला कमी दाब पुरतो, आणि प्रत्येक स्पंदास लागणारी ऊर्जा दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. दाब १.२ व्होल्टवरून ०.९ व्होल्टवर आणला, तर तो पाऊणपट झाला. पाऊणचा वर्ग ९/१६. म्हणून तेच काम सुमारे ५६ टक्के ऊर्जेत होते.

वेग केव्हा बदलावा, हे कोण ठरवितो? लिनक्स या कार्यप्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, त्यासाठी ‘गव्हर्नर’ असतो. वाफेच्या एंजिनाचा वेग आवरणाऱ्या साधनाचेही हेच नाव. २००४ साली आलेला ‘ऑनडिमांड’ गव्हर्नर प्रोसेसर किती वेळ गुंतलेला होता हे ठराविक अवधीने पाहून वेग ठरवी. २०१६ साली आलेला ‘शेडयुटिल’ कामांची पाळी लावणाऱ्या विभागाकडूनच भाराचा अंदाज घेतो व त्याच्या सव्वापट वेग मागतो. भार ४० टक्के असेल, तर वेग ५० टक्के, म्हणजे १५० कोटी स्पंद. अचानक काम वाढल्यास उपयोगी पडावी, म्हणून एवढी शिल्लक.

मात्र वेग कमी करण्यालाही मर्यादा आहे. प्रोसेसर जागा असेपर्यंत त्यातून थोडी वीज झिरपतच असते. त्यामुळे काम फार रेंगाळत ठेवण्यापेक्षा ते लवकर उरकून प्रोसेसरला निजविणे कधी कधी अधिक किफायतीचे ठरते.

प्रोसेसरने घेतलेल्या विजेची अखेर उष्णता होते, आणि ती घालविणाऱ्या पंख्यालाही वीजच लागते. रायपूरच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो, तेव्हा ही काटकसर दुहेरी फायद्याची होते. सारांश, केवळ मंद चालणे म्हणजे बचत नव्हे. कामापुरता वेग आणि वेगापुरता दाब राखणे, ही खरी बचत होय.