डोक्यास बसलेला न दिसणारा मार

मुकुंदवाडीच्या मैदानावर खो-खोचा सराव चालू असतां दोन मुलांचीं डोकीं एकमेकांवर आदळलीं. एकाच्या कपाळास टेंगूळ आलें. तो रडला, आणि सर्वजण त्याच्याभोंवतीं जमले. दुसऱ्यास कोठें खरचटलेंही नव्हतें. "कांहीं झालें नाहीं, सर," असें म्हणून तो पुन्हां उभा राहिला. परंतु पांच मिनिटांत "डाव कोणाचा?" हें त्यानें तीन वेळां विचारलें. आम्हांस खरी काळजी वाटली ती या दुसऱ्याची.

डोकें आदळलें म्हणजे कवटींतील मऊ मेंदू हिंदकळतो, त्याचे सूक्ष्म तंतू ताणले जातात आणि त्याच्या कामांत कांहीं काळ व्यत्यय येतो. यास डॉक्टर 'कन्कशन' म्हणतात. त्यांत शुद्ध हरपलीच पाहिजे असें नाहीं.

मोठा मार लपत नाहीं. १९६२ च्या मार्चमध्यें बार्बाडोस येथें ग्रिफिथचा चेंडू आपले कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर बसला. कवटी फुटली, शस्त्रक्रिया झाली. प्रतिपक्षाचे कर्णधार फ्रँक वॉरेल यांनीं स्वतःचें रक्त दिलें. कॉन्ट्रॅक्टर वांचले, पण पुन्हां कसोटी सामना खेळले नाहींत. सौम्य मारांत मात्र सी. टी. स्कॅन बहुधा निर्दोष येतो. तो रक्तस्राव व मोडलेलें हाड दाखवितो, पेशींचें काम दाखवीत नाहीं. घड्याळाच्या छायाचित्रावरून तें चालू आहे कीं बंद, हें कसें कळावें?

तें काम विजेवरून कळेल काय? जर्मनींतील येना येथील हान्स बर्गर यांनीं १९२४ सालीं मनुष्याच्या मेंदूंतील विद्युल्लहरी प्रथम टिपल्या व १९२९ सालीं प्रसिद्ध केल्या. तरुणपणीं लष्करांत असतां ते घोड्यावरून पडून थोडक्यांत वांचले. दूर असलेली बहीण त्याच दिवशीं अस्वस्थ झाली आणि वडिलांची तार आली. मनाची वार्ता मनास कशी पोंचते याचा शोध घेण्याच्या नादानें ते या विषयाकडे वळले. ती वार्ता सांपडली नाहीं, लहरी सांपडल्या!

डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या प्रौढ मनुष्याच्या डोक्याच्या मागील भागावर या लहरी सेकंदास ८ ते १३ येतात. मार बसल्यावर त्या कधीं मंदावतात. पण पेंगुळलेल्या मनुष्याच्याही मंदावतात, आणि लहान मुलांच्या तर मुळांतच मंद असतात. शिवाय पुष्कळदां आलेख लवकरच पूर्ववत् होतो. दुसरी युक्ति अशी: एकच आवाज पुनःपुन्हां ऐकवीत मधूनच निराळा आवाज करावयाचा. त्यानंतर सुमारें तीन दशांश सेकंदानें मेंदूंत एक लहर उठते. मार बसलेल्यांत ती कधीं उशिरां किंवा क्षीण उठते. तुलना ज्याच्या त्याच्या पूर्वीच्या आलेखाशीं झाल्यास उत्तम. पण मार बसण्यापूर्वीं आलेख काढून ठेवतो कोण? म्हणून केवळ अशा एका मापनावरून निदान करीत नाहींत. डॉक्टर स्मरण, तोल व बोलणें तपासतात आणि यंत्राची साक्ष त्यास जोडतात.

वारंवार वांति, वाढती डोकेदुखी, झटके, लहानमोठ्या बाहुल्या किंवा जागें करूनही न उठणें, यांपैकीं कांहींही दिसल्यास पालकांनीं सकाळची वाट पाहूं नये. तत्काळ घाटी रुग्णालय गांठावें.

आमच्या खेळाडूस त्या दिवशीं बसवून ठेविलें, तेव्हां तो फार रागावला. डॉक्टरांची परवानगी मिळाल्यावर तिसऱ्या आठवड्यांत तो मैदानावर आला. प्रथम चालणें, मग धांवणें, आणि खो सर्वांत शेवटीं.