विहिरीची खोली व विजेचा हिशेब

पाण्यावाचून पीक नाही व उपशास वीज लागते, हे शेतकरी बंधूंस सांगावयास नको. परंतु किती पाण्यास किती वीज, हा हिशेब क्वचितच मांडला जातो. एक लाख लिटर पाणी 10 मीटर वर चढविण्यास सुमारे पावणेतीन युनिट वीज लागते; तेच पाणी 100 मीटरांवरून आणावयाचे तर सत्तावीस युनिट. पंपाची कार्यक्षमता निम्मीच असल्यास (व पुष्कळ पंपांची तशीच असते) हे आकडे दुप्पट धरावेत.

रावेर व यावल तालुक्यांत केळीसाठी उपसा वाढत गेला व भूजल खोल गेले. 2024 साली राज्य शासनाने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांस मोफत वीज जाहीर केली. त्यामुळे बिलातून मिळणारा इशाराही थांबला. ठिबकने पाणी वाचते खरे. मात्र वाचलेल्या पाण्यावर केळीचे क्षेत्र वाढविल्यास उपसा होता तेवढाच राहतो.

धुळे जिल्ह्यात पांझरा नदीवरील फड पद्धतीची गोष्ट निराळी. बंधाऱ्याचे पाणी पाटाने उताराने वाहते. वीज लागतच नाही. जेथे ही पद्धती टिकली आहे, तेथे एका फडात सर्वांचे एकच पीक असते, पाणी पाटकरी देतो आणि नदीस पाणी कमी असल्यास काही फड भिजवीत नाहीत.

विहिरींवर असा पाटकरी नाही. सबब ग्रामसेवकांनी मे महिन्यात निवडक विहिरींचे पाणी काठापासून दोरीने मोजून आकडे पंचायतीच्या फळ्यावर लिहावेत व मृगबागेची लागण ठरण्यापूर्वी ग्रामसभेत वाचून दाखवावेत.