जनसुनावणीला जाऊन उपयोग काय?

प्रश्न : परळी भागातल्या एका प्रकल्पाची पर्यावरणविषयक जनसुनावणी आहे. सगळे आधीच ठरलेले असते. मग जायचे कशाला?
– एक वाचक, जि. बीड

उत्तर : तुमची शंका रास्त आहे. सुनावणीत मतदान होत नाही; शंभर जण ‘नको’ म्हणाले म्हणून प्रकल्प अडत नाही. पण पर्यावरणीय परिणामांच्या मूल्यांकनाबाबतच्या १४ सप्टेंबर २००६च्या अधिसूचनेनुसार तिथे मांडलेल्या महत्त्वाच्या पर्यावरणीय हरकतींची दखल अंतिम अहवालात घेणे प्रकल्पचालकाला भाग असते. म्हणून घोषणा हवेत विरतात, नेमका प्रश्न कागदावर राहतो. २०१५ साली पाण्याअभावी परळीचे औष्णिक केंद्र बंद ठेवावे लागले होते. तेव्हा ‘दुष्काळी वर्षात पाणी कुठून आणणार, आणि कोणाचे तोडून?’ हे लेखी विचारा. प्रकल्प औष्णिक असेल, तर राखेचेही तसेच : साठवणार कुठे, वाहतूक कुठल्या रस्त्याने, उघड्या ट्रकमधून की ताडपत्री टाकून?

तज्ज्ञांना हे ठाऊक असतेच, असे कोणी म्हणेल. त्यांना सरासरी पाऊस ठाऊक असतो. उन्हाळ्यात कोणती विहीर आधी आटते, ते गावालाच. सुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी निघते, तेवढ्यात अहवालाचा मराठी सारांश वाचून काढा. शेवटी मुद्द्यांची नोंद मराठीत वाचून दाखवतात, तोवर मंडप सोडू नका (जेवणाची वेळ झाली तरी). तुमचा मुद्दा गळला असेल, तर सुनावणीच्या अध्यक्षांची सही होण्यापूर्वीच तिथे उभे राहून सांगा.